पंपवाल्याचा मधुचंद्र

या शहरात येणारे लोक वर बघत चालतात. कालव्यांवरचे कमानीचे पूल, पाण्याला टेकून उभी असलेली जुनी दगडी घरं, खिडक्यांतल्या कुंड्या, आणि संध्याकाळी या सगळ्यावर पडणारं पिवळं ऊन. नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यांची तर रीघ लागलेली असते. मधल्या पुलावर कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही असा एक दिवस जात नाही, आणि तो पूल जणू आपणच बांधला असं तोंड करून हिंडणारे गावकरीही कमी नाहीत. पंपवाल्यानं मात्र उभा जन्म हे शहर खालून बघितलं. म्हणजे तळघरांतून. घरमालकीण जिन्यात बॅटरी धरून उभी, हा मांडीभर पाण्यात, हातात पाइपाचं तोंड, आणि आजूबाजूला तरंगणारं जे काय असेल ते. काय काय तरंगत असतं ते विचारूच नका.

कालव्याचं पाणी चढलं की तळघरांत शिरतं आणि ते उपसायला याला बोलावतात, एवढाच त्याचा धंदा. एक डिझेलचा पंप, तो न्यायला सपाट बुडाची होडी, आणि पाइपाची भलीमोठी गुंडाळी. पाण्याला काळवेळ नाही, त्यामुळे यालाही नाही. जेवायला बसला की हाक, डोळा लागला की हाक, न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली की हाक. "अहो पंपवाले! धावा, बटाटे तरंगायला लागले!" की हा तोंडाला फेस तसाच ठेवून निघालाच. शेहेचाळीस वर्षांचा होईपर्यंत लग्न का झालं नाही असं कुणी विचारलं, तर म्हणायचा, "पंपाशीच लागलंय की!" आणि लोक हसले की विषय संपायचा.

त्याची थोरली बहीण, अक्का, मात्र हसण्यावारी नेणाऱ्यातली नव्हती. तिनं स्थळ शोधलंच. कालव्यांपासून खूप आत, कोरड्या माळावरच्या एका गावात पडद्यांच्या दुकानात कापड बेतणारी बाई. वय बेचाळीस, हात चलाख, बोलणं मोजकं. या बाईचं पूर्वी एकदा लग्न ठरलं होतं. नवरामुलगा कारखानदार म्हणवत होता. तारीख ठरली, नव्या घराचे पडदे तिनं स्वतः शिवले, आणि आयत्या वेळी कळलं की कारखाना तर नाहीच, पण तो ज्या गावचा म्हणून सांगत होता त्या गावात त्याला काळं कुत्रं ओळखत नाही. पडदे पुढे दुकानानं विकून टाकले. तेव्हापासून तिनं लग्नाच्या नावानं कानाला खडा लावला होता.

म्हणून अक्कानं भावाचं गुणगान सुरू केल्याबरोबर तिनं एकच विचारलं, "तुमच्या भावाला तिथे कुणी ओळखतं का?"

"ओळखतं का?" अक्का उसळलीच. "अगं, कुणालाही विचार! अख्खं शहर ओळखतं. सुखानं दोन घास खाऊ देत नाहीत मेले त्याला!"

हे ऐकून बाई विरघळल्या. दोघांची भेट झाली. चहा झाला. पंपवाल्यानं घाबरून तीन वेळा साखर घातली आणि तो पाक एका दमात पिऊन टाकला. बाईंना ते आवडलं असावं, कारण लग्न झालं. साधं, सहीशिक्क्याचं. पण बाई सावध होत्या. दुकानातली नोकरी आणि गावातली भाड्याची खोली त्यांनी सोडली नाही. "आधी चार दिवस राहून बघते," त्या स्पष्ट म्हणाल्या. "पटलं तर राहीन. नाही पटलं तर रुसवे नकोत, मी माझी परत जाईन." आणि मग, मान खाली घालून, "अजून एक आहे. हसणार नसाल तर सांगते."

"सांगा ना."

"मला मधुचंद्र हवाय. तुमच्याच शहरात. आमच्या दुकानात तिथलं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी मी त्यातलं कालव्याचं पान काढू दिलं नाही. पण तुमच्या घरी नको. लोक येतात तसं यायचं. हॉटेल, होडी, पूल, सगळं. आणि त्या चार दिवसांत तुम्हाला कुणाची हाक येता कामा नये. अक्का म्हणाल्या लोक तुम्हाला सुखानं जेवू देत नाहीत. तर चार दिवस तुम्ही कुणाचेच नाही."

"एक हाक येणार नाही," पंपवाला म्हणाला. शब्द म्हणजे शब्द.

आता कुणीही शहाण्या माणसानं काय केलं असतं? फोन बंद केला असता, झालं. यानं फोन अक्काकडे दिला, अक्काला तिच्या लेकीकडे पाठवून दिलं, आणि शहरभर दारोदार फिरायला निघाला. पहिला गेला बोक्याकडे. बोका म्हणजे होडीवाला, याचा लंगोटीयार. दोघं एकाच कालव्यात पोहायला शिकले आणि एकाच दिवशी बुडता बुडता वाचले.

"चार दिवस मला ओळखायचं नाही," पंपवाला म्हणाला.

"का? उधारी झालीय?"

"लग्न झालंय! मधुचंद्र आहे. मी परगावचा पाहुणा. तू मला जन्मात कधी बघितलं नाहीस."

"आणि कुणी तुझं नाव काढलं तर?"

"तर असा कुणी माणूसच नाही म्हणायचं. विषय काढला की काम निघतं, आणि काम निघालं की माझं डोकं फिरतं."

बोका विचारात पडला. त्याला आपल्या मित्राची नस ठाऊक होती. "ते ठीक आहे रे. पण तूच कच खाल्लीस तर? पंपाची धडधड ऐकली की तुझे पाय जागेवर राहत नाहीत."

"तेच सांगतोय! मी स्वतः आलो, रडलो, 'अरे मला ओळख' म्हणून तुझे पाय धरले, तरी ओळखायचं नाही. माझाच मला भरवसा नाही. घे शपथ."

बोक्यानं शपथ घेतली. मग पाववालीनं घेतली. तिच्या पिठाची पोती यानं किती वेळा वाचवली होती. मग न्हाव्यानं, चहावाल्यानं, कोपऱ्यावरच्या चांभारानं. सगळे गहिवरले. आजवर या माणसानं हाकेला ओ दिली, कधी काही मागितलं नाही, आणि आता मागतोय तर काय, ओळखू नका! एवढं तर करायलाच हवं. हॉटेलच्या मॅनेजरनं तर छातीवर हात ठेवून शब्द दिला. पंपवाल्याला खोलीचं भाडं ऐकून घेरी यायला लागली, तेव्हा मार्गही त्यानंच काढला. "तुझं घर चार दिवस मोकळंच आहे ना? माझ्याकडे एक नवं जोडपं खोलीवाचून अडलंय. त्यांना देऊ. फिटंफाट." तेव्हा पंपवाल्यानं आपले चार कपडे, पंप आणि पाइप मागच्या कोठडीत कोंबले आणि कुलपाची किल्लीही मॅनेजरकडेच दिली. काम चोख.

एका माणसाकडे मात्र तो गेला नाही. गादीवाल्याकडे. त्या दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. एकमेकांना बघितलं की पूल बदलायचे. त्याला काय सांगायचं, तो तसाही ओळख देत नाही, असा पंपवाल्यानं विचार केला आणि पुढे गेला.

ठरल्या दिवशी नवा कोट घालून आणि बायकोला घेऊन पंपवाला आपल्याच शहरात उतरला. हॉटेलात मॅनेजर कमरेत वाकला. "या साहेब, या बाईसाहेब! पहिल्यांदाच येताय आमच्या शहरात?"

"पहिल्यांदाच," पंपवाला म्हणाला, आणि नाटकात कसर नको म्हणून पत्त्याच्या जागी बायकोच्या गावाचा पत्ता लिहून मोकळा झाला. बाईंनी ते वाचलं. भुवई जराशी वर गेली. पण समोर खिडकी होती, खिडकीत कालवा होता, आणि कालव्यावर अगदी कॅलेंडरातला पूल होता. त्या धावतच खिडकीशी गेल्या. पडद्याचं कापड बोटांत धरून म्हणाल्या, "शिवण वाईट आहे. पण असू दे."

तो पहिला दिवस काय सांगावा! चहावाल्यानं याच्याकडून दुप्पट पैसे घेतले आणि वर म्हणाला, "परत या, पाहुणे!" बोक्यानं दोघांना होडीत घेतलं, आणि मधला पूल आला तशी वल्ही थांबवून आवाज लावला, "हा पूल राजानं आपल्या लाडक्या राणीसाठी बांधला. याच्याखाली जे हात धरतात त्यांची ताटातूट होत नाही!" हा पूल पलीकडच्या वस्तीचं सांडपाणी अलीकडे आणायला बांधला होता, आणि त्याच्या पोटातला नळ पंपवाल्यानं स्वतः दोनदा साफ केला होता. पण बाईंनी खरोखरच त्याचा हात धरला. मग राजा काय आणि राणी काय, पंपवाल्याला सगळं पटलं. उतरताना बोक्यानं पूर्ण भाडं घेतलं आणि डोकं खाजवत बक्षिशीही मागितली. पंपवाल्यानं दिली. इतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता. शेहेचाळीस वर्षं ज्या पाण्याला तो शिव्या देत आला, ते पाणी त्याला त्या संध्याकाळी चक्क आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पाववालीच्या दुकानात शिरल्या. हा बाहेर कबुतरं बघत उभा होता, त्यामुळे आत काय झालं ते त्याला फार उशिरा समजलं. बाईंना काही शंका वगैरे नव्हती बरं का. नव्या नवरीला नवऱ्याचं कौतुक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं, एवढंच. बेचाळीस वर्षं वाट बघितल्यावर तर असतंच असतं. त्यांनी लाजत लाजत विचारलं, "इथे ते पंपवाले आहेत ना, तळघरातलं पाणी उपसणारे? माणूस कसा आहे हो?"

पाववालीच्या काळजात चर्र झालं. पण शपथ म्हणजे शपथ. ती पाव कागदात बांधत म्हणाली, "पंपवाले? नाही बाई. असं कुणी नाही इथे."

बाईंना वाटलं, हिला माहीत नसेल. दुपारी हा तिकिटं काढायला गेला तेव्हा त्यांनी बोक्याला विचारलं. बोका म्हणाला, "माझा जन्म या कालव्यात गेला बाई, असा माणूस असता तर मला ठाऊक नसता?" चांभार म्हणाला, नाही. न्हावी म्हणाला, नाव पण ऐकलं नाही. शेवटी त्यांनी मॅनेजरला गाठलं, तर तो दुखावलाच. "पंपवाला? बाईसाहेब, आमच्या शहरात तळघरात पाणी शिरतच नाही!"

त्या रात्रीपासून बाई गप्प झाल्या. पंपवाल्यानं बरंच डोकं चालवलं. आपण घोरतो म्हणून असेल. चहा फुर्रकन पितो म्हणून असेल. नव्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी त्यानं चहा आवाज न करता प्यायला, तोंड भाजून घेतलं, आणि वर बघतो तर बाई पेटी भरून पलंगावर बसलेल्या.

"तुम्ही कोण आहात?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता, त्यामुळे याला आणखीच धडकी भरली.

"म्हणजे काय? मी... मी मीच की!"

"या शहरात तुम्हाला एक माणूस ओळखत नाही. पाचजणांना विचारलं मी. काल तर तुम्ही चुकून डाव्या गल्लीत वळलात आणि रस्ता विचारलात!"

"ते नाटक होतं!" पंपवाल्यानं घडाघडा सगळं सांगितलं. शपथ, बोका, पाववाली, झाडून सगळं. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं.

बाई ऐकत होत्या. "मी म्हटलं होतं हाक येऊ नये. त्याला फोन बंद केला की झालं. कुणी दारोदार जाऊन 'मला ओळखू नका' सांगतं? आणि अख्खं शहर ऐकतं?"

"अक्काला विचारा!"

"अक्का तुमच्याच."

"मग चला माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता."

बाईंची पेटी उचलून तो निघालाच. घाटावर बोका होडी पुसत होता. "बोक्या, खेळ संपला! सांग यांना मी कोण ते!"

बोक्यानं मान वर केली आणि मित्राला आपादमस्तक न्याहाळलं. हाच तो क्षण, ज्याची त्याला धास्ती होती. गडी कच खाणार म्हणाला होता, आणि खाल्लीन. पण बोका खाणार नव्हता. "माफ करा साहेब," तो म्हणाला. "काहीतरी गैरसमज होतोय. परवा माझ्या होडीत बसला होतात, तेवढीच आपली ओळख."

"अरे गाढवा, मी शपथ परत घेतो!"

"कसली शपथ, साहेब?"

पंपवाल्यानं खरोखरच त्याचे पाय धरले. बोक्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण शब्द फिरला नाही. उलट बाईंचं लक्ष नाही असं बघून त्यानं मित्राला डोळा मारला, की निर्धास्त राहा, जीव गेला तरी सांगत नाही. पाववालीनं दार लावून घेतलं. न्हाव्यानं "दाढी करायचीय का पाहुणे?" म्हणून खुर्ची झटकली. आयुष्यभर ज्या शहरानं साधी ठरल्या वेळेला होडी सोडली नाही, ते शहर त्या दिवशी दिल्या शब्दाला असं काही जागलं की पंपवाला घामाघूम झाला.

"घर!" तो ओरडला. "माझं घर दाखवतो!" आणि बाईंना ओढतच आपल्या गल्लीत घेऊन गेला. दार वाजवलं. दार एका तरुण पोरानं उघडलं. खांद्यावर पंपवाल्याचा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. आतून त्याच्या नव्याकोऱ्या बायकोचा आवाज, "कोण आहे रे?"

"हे माझं घर आहे," पंपवाला म्हणाला. "हा टॉवेलसुद्धा माझा आहे."

"काका, उद्यापर्यंत आमचं आहे हे. आमचा मधुचंद्र चाललाय," पोरगा नम्रपणे म्हणाला. "पण काय घर आहे हो! एकदम अस्सल. भिंतींची ओलसुद्धा खरी आहे!"

"ती ओल माझी आहे! मागच्या कोठडीत माझा पंप आहे, उघडून बघ!"

"तिला कुलूप आहे. आणि हॉटेलवाले म्हणालेत, कुणी आलं तरी आत घ्यायचं नाही," असं म्हणून त्यानं दार लावलं. आतून दोघांचं हसू ऐकू आलं. त्या हसण्यानं बाईंचा उरलासुरला धीर सुटला. त्यांनी पंपवाल्याच्या हातातली पेटी काढून घेतली आणि धक्क्याकडे चालू लागल्या. दुपारची लाँच तिथूनच सुटायची.

धक्क्यावर त्या पेटीवरच बसल्या. रडल्या नाहीत. "तुमचा राग नाही आला मला," त्या म्हणाल्या. "माझाच आला. एकदा फसले होते, ते वय लहान म्हणून, अशी समजूत घातली होती. आता वय होऊन पुन्हा तेच. आता नोकरी आणि खोली आहे, एवढं बरं."

पंपवाला पेटीशेजारी उभा राहिला. आपल्याला कुणाकुणाचा आधार आहे हे मनात मोजायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. हाका यायच्या, तो जायचा. आता हाका नाहीत म्हटल्यावर आपण कोण उरलो, हे त्याचं त्यालाही सांगता येईना. बायको जाणार, आणि ती खोटारडा समजून जाणार, हे त्याला सोसवत नव्हतं.

आणि तेवढ्यात पुलाच्या उतारावरून खांद्यावर गादीची वळकटी घेतलेला एक बुटका माणूस खाली आला. हॉटेलला नवी गादी पोचवायला निघालेला गादीवाला. समोर बघतो तर हा. पूल बदलायला पूल उरला नव्हता. गादीवाल्यानं वळकटी धाडकन खाली टाकली.

"वा रे वा, डबक्या! कोट घालून कुठं तोंड काळं करायला निघालास?"

पंपवाल्यानं नेहमीच्या सवयीनं तोंड फिरवलं. बाई मात्र ताडकन उठल्या. "तुम्ही ओळखता यांना?"

"ओळखतो? बाई, याला ओळखून माझं वाटोळं झालंय! विचारा याला, हॉटेलचं पाणी उपसून कुठं सोडलं होतंन? माझ्या गटारात! ते गेलं माझ्या तळघरात. वर्षाचा कापूस भिजला. गाद्या अशा फुगल्या की दारातून बाहेर निघेनात! आणि हा म्हणतो काय, तर गटार माझ्याच कापसानं तुंबलं होतं!"

"म्हणजे हे पंपवालेच?"

"नाही तर कोण, जहागीरदार? बाप पंपवाला, आजा पंपवाला, तिघं एकजात हट्टी. त्यातला हा सगळ्यात वरचढ. चिक्कू तर असा, की बोलायची सोय नाही! आई सात वर्षं अंथरुणाला खिळून होती याची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन महिन्यांनी गादी पिंजून घ्यायचा माझ्याकडून. दर दोन महिन्यांनी! आणि दर वेळी कापसाच्या वजनावरून हुज्जत, तीही न बोलता. हा काट्याकडे बघणार, मग माझ्याकडे बघणार, मग परत काट्याकडे. पाठीवर टाकून स्वतः न्यायचा, हमालीसुद्धा देत नव्हता!"

बाईंनी पंपवाल्याकडे बघितलं. लग्न का झालं नाही, असं त्यांनीही एकदा विचारलं होतं. याचं उत्तर ठरलेलंच होतं, पंपाशीच लागलंय म्हणून.

"आईचं कोण करायचं मग?" त्यांनी गादीवाल्याला विचारलं.

"हाच की! दुसरं कोण होतं घरात? बहीण सासरी. तळघरातून यायचा, हात धुवायचा, आणि तिला भरवायचा. मुली सांगून आल्या दोन-तीन, तर म्हणे आई आहे तोवर नको. शहाणाच! आणि म्हातारी काय म्हणायची माहितीये? स्वतःच्या लेकाचं कौतुक नाही, माझं! 'गादीवाल्याचा हात फार मऊ' म्हणायची. ती गेली त्या दिवशी मी गेलो होतो. बोलणं नव्हतं तरी गेलो होतो. दारातनंच परत आलो. यानं मला बसासुद्धा म्हटलं नाही!"

"तुमचं बोलणं नाही म्हणालात, किती वर्षं झाली, भाऊजी?"

"भाऊजी" ऐकून गादीवाला अंमळ दचकला. "नऊ वर्षं. एक शब्द नाही."

"आता बोलताय की."

"बोलत नाहीये. शिव्या देतोय."

"मग द्या," बाई म्हणाल्या आणि पेटी ओढून त्याच्या अगदी समोर बसल्या. "सगळ्या द्या. लहानपणापासूनच्या."

गादीवाल्याला एवढं ऐकणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नसावं. तोही वळकटीवर बसला आणि सुरू झाला. शाळेतल्या मारामाऱ्या झाल्या, चोरलेली होडी झाली, एकदा पाणी चढलं तेव्हा पाववालीच्या मांजरीसाठी यानं जीव कसा धोक्यात घातला आणि ती मांजर कशी यालाच चावली, तेही झालं. पंपवाला पाठ करून उभा होता, पण कान तिकडेच होते. त्याचे कान लाल झाले होते आणि डोळे भरून आले होते. आपल्याविषयी कुणी एवढं लक्षात ठेवलं असेल हे त्याला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात लाँच धक्क्याला लागली. माणसं चढली. तिकीटवाल्यानं दोनदा "चला बाई" म्हणून हाक दिली. बाईंनी मागं वळूनही न बघता हातानंच त्याला वाटेला लावलं. त्यानं खांदे उडवले, दोर सोडला. इंजिनाचा खडखडाट सुरू झाला, वर भोंगा, आणि त्या गोंगाटात गादीवाल्याचं पुढचं वाक्य बुडून गेलं. बाई पुढे झुकल्या, कानामागे हात धरला.

पंपवाला गर्रकन वळला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा गादीवाल्याशी बोलला.

"अरे, जरा मोठ्यानं बोल की! हिला ऐकू येत नाहीये."